टाळ्यांनंतर कोण कोणाशी बोलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाने गेल्या वर्षी सामाजिक न्याय आणि ओळख या विषयांवर तीन दिवसांचा महोत्सव केला. पोस्टर प्रदर्शन, दोन भाषणं, एक नाटक आणि शेवटी खुली चर्चा. सभागृह भरलं, टाळ्या वाजल्या आणि सगळे आपापल्या घोळक्यात परत गेले. चर्चेत तिघेच बोलले, त्यातला एक वीस मिनिटं. यंदा ‘ह्यूमन लायब्ररी’, म्हणजे पुस्तकांऐवजी माणसं उसनी घेऊन त्यांच्याशी बोलायचा कार्यक्रम, करायचा विचार आहे, हातात १० आठवडे आहेत, आणि पुन्हा तेच होईल का अशी धास्ती आहे.

विचारलं आहे कार्यक्रमाच्या प्रकाराबद्दल, पण अडचण मांडणीत आहे. गेल्या वर्षीच्या चारही कार्यक्रमांत एकजण बोलतो आणि दोनशेजण ऐकतात, अशीच रचना होती. विषय कितीही जवळचा असो, अनोळखी माणसासमोर बसून बोलायची वेळ कोणावर आलीच नाही. माणसांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत असेल तर त्यासाठी जागा, वेळ, जोडी आणि नियम आधी ठरवावे लागतात. याहून नाजूक भाग असा, की अशा कार्यक्रमाची किंमत कोण मोजतं हे कुणी विचारत नाही. बहुतेकदा ज्यांनी सोसलंय तेच पुन्हा व्यासपीठावर उभे राहून सांगतात, आणि बाकीचे ऐकून घरी जातात. कुठलाही आराखडा हातात आला की मी पहिल्यांदा हेच तपासते: यात कोणाला काय द्यावं लागणार आहे, आणि त्याला परत काय मिळणार आहे?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तीनशे विद्यार्थ्यांच्या निवासी संस्थेत सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे ‘निनावी’ काहीच राहत नाही, म्हणून स्वतःची गोष्ट सांगण्याचे प्रकार जपून वापरावे लागतात. आठ-दहा हजारांच्या कॅम्पसवर ही भीती कमी, पण माणसं थांबत नाहीत. तासिका संपली की निघून जातात. तिथे कार्यक्रम दुपारच्या सुट्टीला जोडून आणि येण्याजाण्याच्या वाटेवरच हवा. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गेल्या काही महिन्यांत कॅम्पसवर भेदभावाची एखादी घटना घडली असेल आणि तिची चौकशी चालू असेल, तर महोत्सव पुढे ढकला. ज्यांना त्या घटनेची झळ बसली त्यांच्यासाठी आधी बंद दाराआडची छोटी बैठक घ्या. ताज्या जखमेशेजारी रंगमंच उभारला की लोकांना तो झाकपाक वाटतो, आणि त्यांचं वाटणं बहुधा बरोबरच असतं.

आता संवाद घडतो कशाने, याबद्दल. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यांनी चार अटी सांगितल्या: त्या भेटीपुरता तरी दोघांचा दर्जा समान हवा, काहीतरी सामायिक उद्दिष्ट हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आणि संस्थेचा उघड पाठिंबा असावा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो असं त्यांना आढळलं. चारही अटी पाळल्याच पाहिजेत असं दिसलं नाही, पण त्या असल्या की परिणाम जास्त होतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाला या चार अटी लावून पाहा. पाठिंबा सोडला तर एकही पुरी होत नाही.

ह्यूमन लायब्ररीकडे वळू. हा प्रकार २००० साली डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड संगीत महोत्सवात सुरू झाला. ज्याच्याबद्दल लोकांच्या मनात ठोकळेबाज समजुती असतात असा माणूस ‘पुस्तक’ होतो आणि ‘वाचक’ त्याला अर्ध्या तासासाठी उसना घेऊन प्रश्न विचारतो. हे नाव एका संस्थेचं आहे, त्यामुळे ते वापरायचं तर त्यांची परवानगी घ्या. नाहीतर ‘माणसांचं ग्रंथालय’ किंवा आणखी काही नाव द्या आणि स्वतःचे नियम लिहा.

माझा सल्ला आकड्यांतच देते. १२ पुस्तकं घ्या, पण एका वेळी ९ टेबलंच चालवा. ४ फेऱ्या, प्रत्येक फेरी २५ मिनिटांची, मध्ये १० मिनिटांची मोकळीक. म्हणजे प्रत्येक पुस्तक ३ फेऱ्या बसतं आणि एक फेरी विश्रांती घेतं. एका टेबलाशी जास्तीत जास्त ३ वाचक. एकूण ३६ बैठका, १०८ वाचक, आणि सगळं मिळून २ तास १० मिनिटं. ‘आमच्याकडे पाचशे लोक येतील’ असं कोणी म्हणालं तर नाव नोंदवून १०८ जणांनाच घ्या, बाकीच्यांना दुसरा दिवस द्या. टेबलाशी सहा-सात माणसं बसवली की मुलाखत सुरू होते: पुस्तक बोलत राहतं, दोघे विचारतात, उरलेले मोबाईल बघतात. तिघांत गप्प बसणं अवघड जातं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

विश्रांतीची फेरी वाया जाते असं संयोजकांना वाटतं आणि ऐनवेळी तीच कापली जाते. ती कापू नका. स्वतःच्या आयुष्याबद्दल सलग चौथ्यांदा तेच प्रश्न ऐकताना माणूस एकतर पाठ केल्यासारखं बोलू लागतो किंवा नको तेवढं सांगून बसतो, आणि रात्री त्याला पश्चात्ताप होतो.

पुस्तकं शोधताना ‘आपल्याला एक अमुक धर्माचा, एक तमुक भाषेचा, एक अपंग हवा’ अशी यादी करू नका. यादीतला रकाना भरायला आलेला माणूस पूर्ण गटाचा प्रतिनिधी होऊन बसतो, आणि त्याला ‘तुमच्यात असं का करतात?’ याची उत्तरं देत राहावं लागतं. खुलं आवाहन करा, त्यात वेळ किती लागेल आणि कुठले प्रश्न येऊ शकतील हे स्पष्ट लिहा, आणि जे स्वतःहून येतील त्यांच्याशी प्रत्येकी अर्धा तास बोला. त्या बोलण्यात एकच गोष्ट जोखायची असते: ज्याबद्दल हा माणूस बोलणार आहे ते त्याच्यासाठी मागे पडलंय की अजून चालू आहे? अजून त्यातूनच जात असलेल्या माणसाला यंदा पुस्तक करू नका, कितीही उत्साह असला तरी. त्याला संयोजनात घ्या. प्राध्यापक, ग्रंथालयातले कर्मचारी, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांनाही आवाहन पोचवा. मात्र ते येणार असतील तर तो वेळ कामाचा धरला जाईल, असं प्रशासनाकडून लेखी घ्या.

पुस्तकाचं शीर्षक पुस्तकानेच ठरवायचं. मुखपृष्ठावर तीन ओळींची ओळख, तीही त्याच्याच शब्दांत. शिवाय प्रत्येक पुस्तकाला एक वाक्य हक्काने द्या: ‘हे पान बंद आहे.’ एवढं म्हटलं की वाचकाने विषय बदलायचा, कारण विचारायचं नाही. टेबलावर एक रंगीत कार्डही ठेवा; ते उभं केलं की तीन टेबलांमागे एक असा नेमलेला स्वयंसेवक येऊन बैठक शांतपणे थांबवतो. तयारीच्या दिवशी प्रत्येक पुस्तकाकडून हे वाक्य मोठ्याने तीनदा म्हणवून घ्या आणि कार्ड उचलायला लावा. नियम कागदावर असून उपयोग नसतो. ऐनवेळी तोंडातून नकार निघणं ही सवयीची गोष्ट आहे, आणि पाहुण्यासमोर नाही म्हणायची सवय फार कमी लोकांना असते.

वाचकांची तयारी मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. नोंदणी करून लोक थेट टेबलाशी बसले की पहिली सात-आठ मिनिटं अवघडलेपणात जातात, म्हणजे पंचविसातली एक तृतीयांश. त्याऐवजी फेरीआधी वाचकांना बारा मिनिटं जोडीने बसवा आणि तीन प्रश्न द्या, सोप्यापासून थोड्या खासगीकडे जाणारे, आणि दोघांनी प्रत्येकाचं उत्तर द्यायचं. आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनोळखी जोड्यांना तीन संचांत विभागलेले एकूण ३६ प्रश्न देऊन साधारण ४५ मिनिटं बोलायला लावलं होतं. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यातलं मर्म दोन गोष्टींत आहे: प्रश्न हळूहळू खोल जातात, आणि उघडं दोघांनाही व्हावं लागतं. म्हणून टेबलाशीही एक नियम ठेवा की पुस्तक वाचकाला उलट प्रश्न विचारू शकतं. या एका नियमाने ‘समान दर्जा’ ही ऑलपोर्टची पहिली अट बरीचशी पुरी होते. तो नसला तर पुस्तक प्रदर्शनातली वस्तू होतं.

जागेबद्दल थोडं. दोन टेबलांत निदान दोन मीटर अंतर हवं. आजूबाजूचा आवाज वाढला की माणसं नकळत मोठ्याने बोलतात, मग शेजारचे आणखी मोठ्याने, आणि वीस मिनिटांत खासगी गोष्ट ओरडून सांगावी लागते. मोठं, घुमणारं सभागृह यासाठी वाईट. तीन टेबलांच्या तीन वर्गखोल्या केव्हाही बऱ्या. पार्श्वसंगीत नको.

नाटक करणारच असाल, आणि सांस्कृतिक मंडळ ते करणारच, तर यंदा फोरम थिएटर करून पाहा. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात हा प्रकार घडवला. आठ-दहा मिनिटांचा प्रसंग दाखवायचा, ज्यात अन्याय सोसणाऱ्या पात्राचे प्रयत्न फसतात. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो, आणि आता प्रेक्षकांतला कोणीही ‘थांबा’ म्हणून त्या पात्राच्या जागी येऊन वेगळं काहीतरी करून पाहतो. बाकीचे नट त्याला खरा विरोध करतात. बोआल ज्याला जोकर म्हणत तो सूत्रधार मध्ये दुवा असतो. एका तासात दहा मिनिटांचा प्रसंग आणि पाच-सहा हस्तक्षेप नीट बसतात.

हे फसतं ते ठरलेल्या ठिकाणी. एक, अन्याय करणारं पात्र राक्षस दाखवलं जातं. मग प्रेक्षकांना ते आपल्यातलं वाटतच नाही. वसतिगृहात खोली बदलून मागणारी, ‘मला काही प्रॉब्लेम नाही, घरच्यांना चालणार नाही’ म्हणणारी मैत्रीण जास्त उपयोगी, कारण ती ओळखीची आहे. दोन, प्रेक्षक येऊन अन्याय करणाऱ्याचीच जागा घेतो आणि त्याला एकदम सज्जन करतो. प्रसंग सुटतो, पण शिकण्यासारखं काही उरत नाही. बोआल अशा तोडग्यांना जादू म्हणत. बदलायचं ते सोसणारं पात्र, किंवा फार तर बघ्याची भूमिका घेणारं. बघ्याची जागा घेणं कॅम्पसवर सगळ्यांत फलदायी ठरतं, कारण प्रेक्षकांतले बहुतेकजण आयुष्यात त्याच जागी उभे असतात. तीन, जोकर भाषण देतो. त्याने फक्त विचारायचं: ‘काय बदललं? याची किंमत कोणी मोजली? उद्या हे करता येईल का?’

जोकरची तयारी निदान सहा तालमी मागते, आणि प्रत्येक तालमीत मुद्दाम आगाऊ प्रेक्षक आणून बसवायचा. पुढे येऊन थट्टा करणारा कोणीतरी असतोच. त्याला हाकलायचं नाही, प्रसंग तिथेच गोठवायचा आणि सभागृहाला विचारायचं की या हसण्याने पात्राचं काय झालं. प्रेक्षकांनी सांगितलेल्या गोष्टी जागीच सादर करणारं प्लेबॅक थिएटर मला फार मोलाचं वाटतं, पण त्याला सराव झालेला संच लागतो. दहा आठवड्यांत ते उभं करू नका. अर्धवट तयारीने कोणाची तरी खरी गोष्ट विनोदी होऊन बसते, आणि सांगणारा समोरच बसलेला असतो.

पोस्टर प्रदर्शनाच्या जागी मी हाताने करायचं काहीतरी सुचवेन. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत तयार झालेली स्मृतीची गोधडी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा पूर्ण अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक ३ बाय ६ फुटांचा. मला त्यातली मापाची शिस्त महत्त्वाची वाटते. तुकडा कोणाचाही असो, जागा सारखीच, आणि सारख्या मापामुळेच तो दुसऱ्याशी जोडता येतो. तुमच्याकडे ३५ बाय ३५ सेंटिमीटरचे सुती चौकोन कापा आणि चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटरवर खडूची रेघ मारून द्या, म्हणजे शिवल्यावर ३० बाय ३० दिसेल. ही रेघ मारली नाही तर लोक काठापर्यंत लिहितात आणि त्यांची शेवटची अक्षरं शिवणीत जातात. कापड आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर आटतं. गोंदाने जड वस्तू चिकटवू देऊ नका, टांगल्यावर त्या गळतात आणि कापड ओढलं जातं. बारा चौकोनांचा एक पट्टा होतो, ३ बाय ४ तुकड्यांचा, ९० बाय १२० सेंटिमीटर. हे काम महोत्सवाच्या दिवशी न करता आधीचे चार आठवडे करा, दर आठवड्याला दोन तास, सहाजणांच्या टेबलाशी, वेगवेगळ्या विभागांची माणसं मुद्दाम एकत्र बसवून. हात कामात असले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि लाजाळू माणसंही बोलती होतात. सामायिक उद्दिष्ट आणि परस्परांची मदत या दोन अटी इथे आपोआप येतात.

आता काय गाळायचं ते. ‘एक पाऊल पुढे’ हा विशेषाधिकार दाखवणारा खेळ गाळा. ज्यांच्या वाट्याला कमी आलंय ते सगळ्यांसमोर मागे उभे राहतात, आणि पुढच्यांना धडा मिळावा म्हणून त्यांची परिस्थिती उघडी पडते. डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अंधत्व अनुभवा’ हेही गाळा. २०१५ मध्ये सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की पट्टी बांधून पाहिलेल्या लोकांनी अंध व्यक्तींची काम करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता उलट कमी धरली. कारण साधं आहे: पट्टी बांधणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांतली धांदल कळते, वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य कळत नाही. आणि कोणाच्या असण्यावर वादविवाद स्पर्धा ठेवू नका. आरक्षण, भाषा धोरण, शुल्क यांवर वाद जरूर व्हावा. माणसाचं माणूसपण हा वादाचा विषय नव्हे.

खुली चर्चा गाळायची गरज नाही, तिची रचना बदला. ‘कोणाला प्रश्न आहेत?’ हे वाक्य वापरू नका. त्याने फक्त बोलायची सवय असलेले उठतात. आधी शेजाऱ्याशी दोन-दोन मिनिटं, मग चौघांत पाच मिनिटं, मग प्रत्येक चौकडीने एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या गोळा करून सूत्रसंचालक निवडतो. माईक स्वयंसेवकाच्या हातात राहतो, वक्त्याच्या हातात जात नाही. वीस मिनिटांचं भाषण थांबवायचा हा एकमेव सभ्य मार्ग आहे.

सर्वांना येता येणं हा खर्चाचा पहिला हिस्सा धरा, मग मानधन, सजावट सगळ्यांत शेवटी. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. व्यासपीठावरही रॅम्प हवा, नुसता दारात नको. तासाभराहून मोठ्या कार्यक्रमाला सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी लागतात, कारण ते साधारण वीस मिनिटांनी आलटूनपालटून काम करतात. त्यांना संहिता आठवडाभर आधी द्या, आणि नाटकात अंधार करताना त्यांच्यावरचा दिवा विझवू नका. हे दर वेळी विसरलं जातं. एक शांत खोली ठेवा, मंद उजेडाची, पाण्यासह, आणि तिच्याबाहेर एक स्वयंसेवक.

संमतीच्या कागदावर एकच सही घेऊ नका. भाग घेणं, फोटो, ध्वनिमुद्रण आणि समाजमाध्यमांवर टाकणं या चार गोष्टींच्या चार वेगळ्या चौकटी हव्यात. चारही ‘नाही’ केल्या तरी माणूस प्रेक्षक म्हणून बसू शकतो, हे तिथेच लिहा. संमती मागे घ्यायची मुदत कार्यक्रमानंतर निदान दोन आठवडे ठेवा. निनावी लेखन लावणार असाल तर विभाग, वर्ष आणि मूळ गाव यांपैकी दोन तपशील एकत्र येऊ देऊ नका. तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

दहा आठवड्यांची वाटणी साधारण अशी होईल. पहिले दोन आठवडे गाभा गट. ज्यांच्याबद्दल कार्यक्रम आहे त्यांच्यातले निदान निम्मे त्यात असावेत, आणि त्यांच्याकडे नकाराधिकार असावा, नुसता सल्ल्याचा हक्क पुरत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रशासनाला एक पानी टिपण: काय होणार, काय होणार नाही, गोंधळ झाला तर कोण बोलणार, कार्यक्रम कोण थांबवणार. चौथा ते सहावा आवाहन आणि पुस्तकांशी गाठीभेटी, सहाव्यापासूनच गोधडीची टेबलं. सातवा आणि आठवा तयारी आणि तालमी. नवव्यात दहा वाचक आणि तीन पुस्तकांची रंगीत तालीम, घड्याळ लावून. इथे नेहमी लक्षात येतं की नोंदणीच्या टेबलाशी ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. तिथे आणखी एक माणूस द्या. दहाव्यात महोत्सव.

एवढं सगळं झेपणार नाही असं वाटत असेल, आणि गाभा गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर बहुधा झेपणार नाही, तर ह्यूमन लायब्ररी पुढच्या वर्षावर टाका. यंदा गोधडी आणि फोरम थिएटर एवढंच करा. या दोन्हींत कोणाला स्वतःची खासगी गोष्ट उघड करावी लागत नाही, त्यामुळे चूक झाली तरी ती कोणाच्या जिव्हारी लागत नाही. गोधडीच्या टेबलाशी जी माणसं टिकतात, त्यांच्यातूनच पुढच्या वर्षीची पुस्तकं आणि वाचकांना सांभाळणारे स्वयंसेवक मिळतात.

कार्यक्रम संपल्यावर ४८ तासांत प्रत्येक पुस्तकाला फोन करा, निरोप पाठवून भागवू नका. महिन्याने पुन्हा करा. त्रास होतो तो बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ओळखीचं कोणी ‘तू त्या दिवशी म्हणालास ते...’ असं कॅन्टीनमध्ये बोलून जातं तेव्हा. समुपदेशकाची वेळ आधीच राखून ठेवली असेल तर त्या फोनवर देता येते. अभिप्रायाच्या कागदावर दोनच प्रश्न पुरतात: आज पहिल्यांदाच कोणाशी बोललात, आणि त्यांना पुन्हा भेटायचं ठरलं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तारीख लिहायला जागा सोडा.